खेळपुस्तिकांच्या छायाप्रती

खेळपुस्तिकांच्या छायाप्रती : कारखान्यात तयार झालेल्या खेळासोबत, विशेषतः व्हिडिओ खेळासोबत, पेटीतून मिळणाऱ्या सूचनापुस्तिकेची झेरॉक्स वा तत्सम यंत्रावर काढलेली प्रत. मूळ पुस्तिका हरवलेल्या खेळाचा संच पुरा करण्यासाठी संग्राहक अशा प्रती विकत घेतात. १९९५ नंतर आंतरजालावरील लिलाव सुरू झाले आणि या किरकोळ व्यवहाराला देशोदेशीची गिऱ्हाइके मिळाली. पुस्तिकेतील माहिती आणि पुस्तिका ही वस्तू यांचे मोल वेगवेगळे असते. छायाप्रत पहिली गोष्ट पुरवते, दुसरी पुरवू शकत नाही. या व्यवहारातील बहुतेक वाद या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे उद्‌भवतात.

पुस्तिकेचे स्वरूप व महत्त्व : पारंपरिक भारतीय खेळांना अशी पुस्तिका नव्हती. सारीपाट व गंजिफा हे खेळ घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून शिकले जात. मोक्षपटात तर खेळाडूला जे समजायचे ते पटावरील घरांतच लिहिलेले असे. नियमांचे लेखन झाले ते ग्रंथरूपाने. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास  या बाराव्या शतकातील ग्रंथात अनेक खेळांची वर्णने आहेत, तर औरंगाबादचे हरिकृष्ण शर्मा यांनी १८७१ मध्ये क्रीडाकौशल्य  हा स्वतंत्र ग्रंथ रचला. मैदानी खेळांचे नियम विसाव्या शतकात संस्थांनी बांधले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम तयार केले. त्याच वर्षी अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले व त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. नियमांचा मजकूर उतरवून घेणे, तो शाळाशाळांतून वाटणे हे या सर्व प्रयत्नांत प्रचाराचेच काम समजले जाई. त्यात कोणाचा हक्क बुडतो अशी कल्पना नव्हती.

कारखान्यात बनलेल्या खेळाची गोष्ट निराळी. १९७२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या दूरचित्रवाणी संचास जोडावयाच्या खेळयंत्रापासूनच छापील सूचना संचाचा भाग होत्या. १९७७ च्या अटारी यंत्राच्या आरंभीच्या कार्ट्रिजमध्ये (महाराष्ट्रातील मुले पुढे तिला ‘कॅसेट’ म्हणू लागली) दोन ते चार किलोबाइट एवढीच माहिती मावत असे. एवढ्या जागेत कथानक, पात्रांची नावे किंवा नीटस चित्रे यांना वाव नव्हता. पडद्यावर हलणारा चौकोनी ठिपका म्हणजे राजपुत्र की अजगर, हे पुस्तिका वाचल्यावरच कळे. म्हणून पुस्तिकेला केवळ सूचनापत्र म्हणणे अपुरे ठरते; खेळाचा जो भाग यंत्रात मावला नाही, तो कागदावर छापलेला असे.

१९८० नंतरच्या दशकात पुस्तिकेला आणखी एक काम मिळाले. संगणकावरील खेळ एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर सहज उतरविता येत. त्यास आळा घालण्यासाठी खेळ मध्येच थांबून पुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक शब्द विचारू लागला. ज्याच्याजवळ विकत घेतलेला संच आहे त्यालाच उत्तर देता येईल, असा त्यामागील तर्क होता. साहजिकच पुस्तिकेची झेरॉक्स काढणे हाच त्यावरचा उपाय ठरला आणि निर्मात्यांनी त्यावरही तोड शोधली. सिमसिटी  (१९८९) या खेळासोबतचा संकेततक्ता गडद लाल कागदावर छापलेला होता. त्या काळच्या कृष्णधवल यंत्रावर त्याची प्रत काढली, की कागद व अक्षरे दोन्ही सारखीच काळी येत. निन्टेंडो कंपनीच्या स्टारट्रॉपिक्स  (१९९०) या खेळाच्या पेटीत एक पत्र असे. ते पाण्यात बुडविल्यावर ७४७ हा आकडा उमटे व त्यावाचून खेळ पुढे सरकत नसे. खेळ जुना घेणाऱ्या वा भाड्याने आणणाऱ्या मुलांची त्यामुळे पंचाईत होई. अशा पत्राची छायाप्रत काढता येते; मात्र ती भिजविल्यास हाती केवळ ओला कागद राहतो.

कार्ट्रिज प्लॅस्टिकची असल्याने टिकते. पुठ्ठ्याची पेटी पहिल्या आठवड्यातच केरात जाते आणि पुस्तिका मुलांच्या हाताळण्यात फाटते. म्हणून काही वर्षांनी कार्ट्रिज पुष्कळ, पुस्तिका थोड्या व पेट्या त्याहून थोड्या अशी स्थिती होते. संग्राहकांच्या व्यवहारात सुटी कार्ट्रिज, पुस्तिकेसह कार्ट्रिज, पेटीसह पूर्ण संच आणि न उघडलेला संच अशा चढत्या पायऱ्या असून त्यांच्या किमतींत मोठे अंतर असते. न उघडलेल्या सुपर मारिओ ६४  या खेळाच्या एका संचास जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात १५ लाख ६० हजार डॉलर मिळाले. हे उदाहरण टोकाचे आहे. पण सामान्य खेळांच्या बाबतीतही पुस्तिका सोबत असल्यास किंमत ठळकपणे वाढते, आणि नेमक्या याच वाढीमुळे नक्कल करण्याचा मोह उत्पन्न होतो.

छायाप्रतीचा प्रसार : झेरोग्राफीचा शोध चेस्टर कार्लसन या अमेरिकन संशोधकाने लावला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया येथे त्याने पहिली कोरडी प्रत काढली. स्थिर विद्युत्‌भाराने प्रकाशसंवेदी पृष्ठावर प्रतिमा तयार करावयाची, तीवर टोनर ही रंगीत भुकटी चिकटवावयाची व उष्णतेने ती कागदावर वितळवावयाची, असे हे तंत्र आहे. सर्वसामान्य कचेरीत वापरता येईल असे झेरॉक्स ९१४ हे यंत्र १९५९ मध्ये आले. भारतात मोदी झेरॉक्स ही कंपनी १९८३ मध्ये स्थापन झाली आणि पुढील काही वर्षांत ‘झेरॉक्स’ हे कंपनीचे नाव न राहता मराठीत प्रतीचेच सामान्यनाम झाले.

बडनेरा हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील प्रस्थानक. अमरावतीकडे जाणारा फाटा येथून निघतो. १९८३ मध्येच बडनेऱ्याचा नव्याने स्थापन झालेल्या अमरावती महानगरपालिकेत समावेश झाला, तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच वर्षी निघाले आणि तिकडे जपानमध्ये निन्टेंडोचे फॅमिकॉम हे खेळयंत्र त्याच साली विक्रीस आले. या गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही, हे उघड आहे. तथापि त्यांतून एक पिढी घडली. महाविद्यालय आले की त्याच्या दाराशी झेरॉक्सची दुकाने येतात, हा महाराष्ट्रातील सर्व गावांचा अनुभव आहे. टिपणे, प्रश्नपत्रिका, महागडी पाठ्यपुस्तके यांच्या प्रती पानाच्या हिशेबाने काढून त्यांना सर्पिल बांधणी करून घेणे विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडले. प्रत काढण्यात काही गैर आहे, असे तेथे कोणास वाटत नसे.

खेळपुस्तिका मात्र त्या दुकानांत क्वचितच आली असावी. कारण प्रत काढण्यास मूळ पुस्तिकाच नव्हती. १९९० नंतर भारतात घरोघरी पोचली ती बहुतांशी फॅमिकॉमच्या धर्तीवरील नकली यंत्रे होत. त्यांच्या कॅसेटमध्ये अनेक खेळ एकत्र भरलेले असत व सोबत पुस्तिका नसे. खेळ कसा खेळावयाचा हे शेजारच्या मुलाकडून कळे, म्हणजे सारीपाटाचीच परंपरा पुन्हा सुरू झाली. या पिढीतील जे पुढे संग्राहक झाले त्यांना पुस्तिका परदेशातूनच मिळवावी लागली. मूळ पुस्तिकेची किंमत व टपालखर्च पाहता स्वस्त छायाप्रतीकडे त्यांचा कल होणे स्वाभाविक होते.

निन्टेंडो–ब्लॉकबस्टर वाद : खेळपुस्तिकेची छायाप्रत काढणे हा हक्काचा भंग आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयात नेणारा सर्वांत प्रसिद्ध दावा १९८९ मध्ये अमेरिकेत दाखल झाला. ब्लॉकबस्टर ही चित्रफिती भाड्याने देणारी दुकानांची साखळी निन्टेंडोच्या कार्ट्रिजही भाड्याने देत असे. निन्टेंडोस हे भाडे बंद व्हावयास हवे होते. परंतु विकत घेतलेली वस्तू भाड्याने देण्यास अमेरिकन कायद्याने आडकाठी नव्हती, आणि संगणक आज्ञावली भाड्याने देण्यास प्रतिबंध करणारा जो कायदा १९९० मध्ये झाला, त्यातूनही अशा खेळांच्या कार्ट्रिज वगळल्या गेल्या. भाड्याने नेलेली पुस्तिका गिऱ्हाइकांकडून हरवे वा फाटे, म्हणून दुकाने कार्ट्रिजसोबत तिची छायाप्रत देत. निन्टेंडोने बोट ठेवले ते या छायाप्रतींवर. कार्ट्रिज भाड्याने देणे कायदेशीर असले, तरी पुस्तिका हे स्वतंत्र वाङ्‌मय असून तिच्या प्रती काढण्याचा हक्क आपलाच आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. दावा १९९० मध्ये न्यायालयाबाहेर मिटला. ब्लॉकबस्टरने छायाप्रती देणे थांबविले आणि त्याऐवजी खेळाच्या सूचना वेगळ्या शब्दांत लिहून देण्यास आरंभ केला.

शेवटची ही तडजोड कायद्याच्या दृष्टीने अचूक होती. खेळाचे नियम किंवा खेळण्याची पद्धत यांवर प्रताधिकार नसतो. तो असतो त्या नियमांच्या विशिष्ट शब्दांकनावर व चित्रांवर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये बेकर विरुद्ध सेल्डन या खटल्यात जमाखर्चाच्या पद्धतीसंबंधी हा भेद सांगितला होता. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या नाटक-चित्रपटविषयक खटल्यात कल्पनेवर प्रताधिकार नसतो, हेच तत्त्व स्वीकारले. एखाद्याने जुन्या खेळाच्या सूचना स्वतः लिहून विकल्यास त्यास कोणी अडवू शकणार नाही. संग्राहकाला मात्र अशी पुस्तिका नको असते. त्याला मूळ मुखपृष्ठ, मूळ चित्रे व मूळ अक्षरवळण हवे असते, आणि त्यांवरच तर हक्क आहे.

आंतरजालावरील लिलाव : ई-बे हे लिलावस्थळ १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. मुंबईत २००० मध्ये निघालेले बाझी डॉट कॉम हे त्याच धर्तीचे स्थळ ई-बेने २००४ मध्ये विकत घेतले. पुढे ई-बेचा भारतातील व्यवसाय २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेला व ते भारतीय स्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. त्यानंतर भारतीय संग्राहकांस परदेशी स्थळे किंवा आपापसांतील विक्री यांवर विसंबावे लागले. हातोडा पडताच संपणाऱ्या प्रत्यक्ष लिलावापेक्षा या पद्धतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बोलीची मुदत घड्याळावर संपते, त्यामुळे अखेरच्या काही सेकंदांत बोली टाकण्याचे तंत्र रूढ झाले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गिऱ्हाईक वस्तू हातात न घेता तिचे छायाचित्र व वर्णन यांवरून बोली करतो. चिनी मातीच्या भांड्याच्या बाबतीत हा गैरसोयीचा भाग झाला. पुस्तिकेच्या बाबतीत तो घातकच आहे. चांगल्या रंगीत प्रतीचे छायाचित्र व मूळ पुस्तिकेचे छायाचित्र यांत पडद्यावर फरक दिसत नाही.

अशा प्रती विकणारे सर्वच फसविणारे नसतात. कित्येक विक्रेते ‘प्रत’, ‘पुनर्मुद्रण’ किंवा ‘बदली पुस्तिका’ असा शब्द वर्णनात स्पष्ट लिहितात व किंमतही बेताची ठेवतात. काही जण तो शब्द वर्णनाच्या तळाशी दडवितात, तर काही लिहीतच नाहीत. मात्र खरा धोका प्रामाणिक विक्रीतूनही उद्‌भवतो, हे सहसा लक्षात येत नाही. पहिला विक्रेता सांगून-सवरून प्रत विकतो. घेणारा ती आपल्या संचाच्या पेटीत ठेवतो. दहा वर्षांनी तो, अथवा त्याच्या पश्चात त्याचे कुटुंबीय, पूर्ण संच म्हणून पेटी विकावयास काढतात. त्यांना पुस्तिकेचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो आणि खोटे बोलण्याचा त्यांचा हेतूही नसतो. वर्णनातील तो एक शब्द वस्तूबरोबर प्रवास करीत नाही, म्हणून निर्मळ व्यवहाराच्या साखळीतून नक्कल अस्सल ठरते. यावर साधा उपाय म्हणजे प्रतीच्या प्रत्येक पानावर ती प्रत असल्याची खूण छापणे किंवा आकार मुद्दाम वेगळा ठेवणे. जुनी नाणी व टपालतिकिटे यांच्या प्रतिकृतींवर अशी खूण करण्याची चाल आहे. खेळपुस्तिकांच्या विक्रेत्यांत ती फारशी रुजलेली नाही. कारण खूण केलेली प्रत पेटीत शोभत नाही, अशी गिऱ्हाइकाचीच तक्रार असते.

अस्सल-नक्कल ओळखण्याच्या खुणा : वस्तू हाती आल्यावर मात्र पारख बरीच सोपी होते. बहुतेक मूळ पुस्तिका ऑफसेट पद्धतीने छापलेल्या असतात. साध्या भिंगातून पाहिल्यास रंगीत चित्रांत चार रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी ठरावीक रचना दिसते आणि काळी अक्षरे सलग शाईची व स्वच्छ कडांची असतात. छायाप्रतीत अक्षरांच्या कडांभोवती टोनरचे सुटे कण विखुरलेले असतात. मूळ चित्रातील ठिपके आणि यंत्राचे ठिपके एकमेकांवर पडून चित्रावर लहरींसारखी जाळी उमटते. टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो. त्यामुळे तिरप्या प्रकाशात तो किंचित चकाकतो व घडीवर त्याचा पापुद्रा फुटतो. अनेक रंगीत लेसर यंत्रे प्रत्येक पानावर सूक्ष्म पिवळ्या ठिपक्यांचा संकेत छापतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे ठिपके निळ्या प्रकाशात भिंगाखाली दिसतात व ते आढळल्यास पान १९८५ मध्ये छापलेले नाही, एवढे निश्चित होते.

बांधणीही बोलकी असते. पुस्तिका मधोमध घडी घालून पिना मारलेली असल्याने तिची पृष्ठसंख्या चारच्या पटीत येते आणि सोळा पृष्ठांच्या पुस्तिकेत पहिले व सोळावे पृष्ठ एकाच कागदावर असतात. निष्काळजीपणे काढलेल्या प्रतीत पृष्ठांचा हा क्रम चुकतो किंवा समास असमान येतात. जुनी पिन गंजून कागदावर तांबूस डाग पाडते. नव्या पिनेभोवती तसा डाग दिसला, तर तो छायाप्रतीत उतरलेल्या मूळ डागाचे केवळ चित्र असण्याचा संभव असतो. मूळ पुस्तिकेवर एखाद्या मुलाने पेनाने लिहिलेले नाव प्रतीत पुसून काढलेले आढळते. परंतु कागदावर उठलेला पेनाचा दाब प्रतीत आणता येत नाही आणि मूळ पानावरून तो घालविताही येत नाही.

कायदेशीर स्थिती : भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये वाङ्‌मयीन व कलाकृतीची प्रत काढणे आणि ती विकणे हे दोन्ही हक्क हक्कधारकाचे आहेत. आंतरराष्ट्रीय करारांमुळे परदेशी पुस्तिकांसही हे संरक्षण लाभते. निनावी प्रकाशित कृतीस प्रकाशनापासून साठ वर्षे संरक्षण असते. म्हणजे १९८५ ची अशी पुस्तिका २०४५ अखेरपर्यंत हक्कात राहील; लेखकाचे नाव असल्यास मुदत त्याच्या मृत्यूपासून मोजली जाऊन आणखी लांबते. खेळ बाजारातून गेला, यंत्र बनणे थांबले किंवा कंपनी बुडाली म्हणून हक्क संपत नाही. ‘ही छायाप्रत आहे’ असे प्रांजळपणे सांगितल्याने गिऱ्हाइकाची फसवणूक टळते. हक्कभंग टळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत विक्रेते नेहमी करतात. जाणूनबुजून केलेल्या भंगास सहा महिने ते तीन वर्षे कारावास व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद असून, धंद्यात लाभासाठी भंग केलेला नसल्यास न्यायालय कारण नमूद करून कमी शिक्षा देऊ शकते. प्रत्यक्षात जुन्या पुस्तिकेच्या प्रतीसाठी हक्कधारक न्यायालयात क्वचितच जातो. तो लिलावस्थळाला कळवितो आणि जाहिरात काढून टाकली जाते.

अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी व संशोधनासाठी उचित वापर करता येतो. शिक्षणासाठी प्रती काढण्याच्या सवलतीचा विस्तृत अर्थ दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाजवळच्या एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात लावला. अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या उताऱ्यांचे संच काढून देणे हा भंग नव्हे, असा त्याचा आशय होता. महाविद्यालयांच्या दाराशी असलेल्या दुकानांस या निर्णयाने दिलासा मिळाला. पण संग्राहकास विकलेली खेळपुस्तिका त्यात बसत नाही. संग्राहकाने स्वतःजवळच्या जीर्ण पुस्तिकेची हाताळण्यासाठी एक प्रत काढणे आणि त्याच प्रतीच्या पन्नास नकला विकणे यांत कायद्याने मोठे अंतर मानले आहे.

फसलेल्या गिऱ्हाइकाचे उपाय वेगळे आहेत. वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे, असे मालविक्री अधिनियम, १९३० सांगतो. विक्रेत्याने किंमत चढविण्यासाठी खोट्या बोली लावल्यास खरेदीदारास लिलाव रद्द ठरविता येतो, अशीही तरतूद त्यात आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. त्यामुळे बडनेऱ्याच्या रहिवाशाने बेंगळुरूच्या व्यापाऱ्याकडून अस्सल म्हणून घेतलेली पुस्तिका छायाप्रत निघाली, तर त्यास बेंगळुरूला जावे लागत नाही. अमरावतीस तक्रार करता येते. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास व्यापारी विक्रेता नकार देऊ शकत नाही. आपल्या माळ्यावरची एखादी पेटी विकणारी खाजगी व्यक्ती व्यापारी ठरत नाही आणि विक्रेता परदेशी असल्यास निकालाची अंमलबजावणी दुष्कर होते. अशा वेळी लिलावस्थळाची पैसे परत देण्याची योजना हाच व्यवहार्य आधार उरतो.

जतन : अनेक पुस्तिकांचा मजकूर आता मूळ कागदापेक्षा संग्राहकांनी काढलेल्या प्रतिमांतूनच टिकून आहे. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांच्या संग्रहात अशा हजारो पुस्तिका विनामूल्य पाहावयास मिळतात. त्यामुळे केवळ खेळण्यापुरती माहिती हवी असणाऱ्यास छायाप्रत विकत घेण्याची गरज राहिलेली नाही आणि बाजारातील छायाप्रत मुख्यतः पेटीतील रिकामी जागा भरण्यासाठीच घेतली जाते. भारतीय कायद्यात ग्रंथालयांसाठी दोन तरतुदी आहेत. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या वा पत्रकाच्या तीनपर्यंत प्रती अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास स्वतःच्या वापरासाठी काढता येतात. तसेच २०१२ च्या दुरुस्तीनुसार, जवळ छापील प्रत असलेल्या कृतीचे जतनार्थ अंकीय रूपांतरही करता येते. खेळपुस्तिकांसाठी या तरतुदींचा उपयोग व्हावयाचा, तर ग्रंथालयाने प्रथम पुस्तिका हे संग्रहणीय साहित्य मानले पाहिजे. जाहिरात, पत्रक व पुस्तिका या किरकोळ छपाईची नोंद ठेवण्याची प्रथा आपल्याकडील ग्रंथालयांत कमीच आढळते.

छापील पुस्तिकेचे युग आता जवळजवळ संपले आहे. यूबीसॉफ्ट कंपनीने २०१० मध्ये आपल्या खेळांसोबत कागदी पुस्तिका देणे बंद करण्याचे जाहीर केले. इतर कंपन्यांनीही पुढील काही वर्षांत तोच मार्ग धरला व सूचना पडद्यावरच दिसू लागल्या. त्यामुळे ज्यांच्या छायाप्रती निघू शकतील अशा मूळ पुस्तिकांची संख्या सामान्यतः १९७२ ते २०१० नंतरची काही वर्षे एवढ्या कालखंडापुरती मर्यादित झाली आहे.